डाव्या चाकाचा नट

जुनी गाडी घेतली की आधीच्या मालकाची हौसही सोबत घ्यावी लागते. आमची गाडी सुरतेहून आली. तिकडच्या कुणा हौशी माणसाने तिला चकचकीत मॅग व्हील, म्हणजे शोभेची चाकं, बसवून घेतली होती, आणि ती चोरीला जातील या धास्तीने प्रत्येक चाकाच्या चार नटांपैकी एक नट कुलुपाचा लावला होता. बाकीचे तीन साधे, सहा बाजूंचे, कुठल्याही पान्याने फिरणारे. चौथा मात्र गोल, गुळगुळीत, आणि त्याच्या तोंडावर पाकळ्यापाकळ्यांची खाच. त्या खाचेत बसेल अशी अंगठ्याएवढी पोलादी चावी असते, ती पान्याला लावली तरच हा नट फिरतो. गाडी घेताना मला हे फार भारी वाटलं होतं. आमच्या गावात, रनाळ्यात, चाकांना कुलूप असलेली गाडी आमची एकच होती.

मी नंदुरबारला शाळेत गणित शिकवते. रोजच्या जाण्यायेण्यासाठी गाडी घेतली आणि ती मीच चालवते. नवऱ्यालाही चालवता येते, पण त्याला घाट लागतो. दुसऱ्यांना मागच्या सीटवर बसून लागतो, याला स्टिअरिंग हातात असताना लागतो. त्यामुळे वळणाचा रस्ता म्हटला की घरातले सगळे माझ्याकडे बघतात.

त्या शनिवारीही तसंच झालं. दुसऱ्या दिवशी कानबाई बसायची होती. श्रावणात नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी आमच्या खानदेशात घरोघर कानबाई, म्हणजे नारळाच्या रूपातली देवी, येते, आणि आदल्या दिवशी रोटाचे गहू निघतात. भाऊबंदांतल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू सुपात पडतो. त्याच पिठाचा नैवेद्याचा रोट होतो आणि तो भाऊबंदांनीच खायचा. बाहेरच्याला द्यायचा नाही, ताटात टाकायचा नाही, सगळा संपवायचा. म्हणून ज्याच्या नावाची मूठ पडली त्याला यावं लागतं. तो आला नाही तर त्याच्या वाट्याचं कुणी खायचं, हा मोठा पेच होतो.

सगळ्यांच्या मुठी झाल्या. सासूबाई सूप उचलणार तेवढ्यात माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, पुन्हा पोत्यात हात घातला आणि आणखी सव्वा मूठ गहू सुपात टाकला. नाव घेतलं नाही. सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग सुपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी कांदे निवडत होते, ती निवडतच राहिले.

"सकाळे लवकर गाडी काढ," आबा मला म्हणाले. "धडगाव जानं शे."

धडगावला आबांचे थोरले भाऊ राहतात. आम्ही त्यांना मोठेबाबा म्हणतो. वनखात्यात नोकरी केली, तिकडेच घर बांधलं, निवृत्त झाल्यावर तिकडेच राहिले. त्यांची बायको, मोठीमाय, सुरतेला मुलाकडे नातवंडांत असते, हे एकटे डोंगरात. वाटणी झाली तेव्हा घराण्याच्या कानबाईचा नारळ आबांकडे राहिला, कारण गावातलं घर आबांकडे होतं. नारळ थोरल्याकडे असावा असं मोठ्याबाबांना वाटत होतं, पण ते बोलले नव्हते. एका कानबाईला रोट खातानाच विषय निघाला आणि आबा बोलून गेले, "तू जंगलमा ऱ्हास. तठे कानबाईनं कोन करी?" मोठेबाबा ताटावरून उठले आणि चालू लागले. रोट अर्धा तसाच. आमच्याकडे रोट अर्धा टाकून उठणं म्हणजे घरातली सगळी भांडी फोडण्यापेक्षा वाईट.

तेव्हापासून ते आले नाहीत. लग्नात, मयतीत दोघं भेटत, आणि एकमेकांना सोडून बाकी सगळ्यांशी बोलत. मध्ये एकदा एका पाहुण्याकरवी मोठ्याबाबांचा निरोप आला होता: तो स्वतः माझ्या दारात आला तर येईन, नाहीतर नाही. आबा "बरं" म्हणाले होते आणि वखर घेऊन शेतात निघून गेले होते. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, अशी ही जोडी. मला दोघांचाही राग यायचा. पण त्या शनिवारी गव्हाच्या पोत्याशी वाकलेले आबा बघितले आणि राग गेला. दात पडले, एका कानाने कमी ऐकू येऊ लागलं, आणि या माणसाला आता भाऊ हवा होता, बस्स.

"फोन करी देऊ का त्यास्ले?" मी विचारलं.

"नको. फोनवर तो नही म्हनी. दारमा उभा ऱ्हायनू ते नही म्हनता येवाव नही."

रविवारी उजाडताच निघालो. नवरा ओट्यावर कानबाईच्या मखरासाठी केळीचे खांब बांधत होता. त्याने आम्हाला हात केला आणि घाटाच्या नुसत्या विचारानेच तोंड वाकडं केलं. सासूबाईंनी गाडीच्या काचेशी येऊन बजावलं की दिवेलागणीच्या आत परत या, कानबाई वाट बघत नाही. आबांनी परीटघडीचा सदरा घातला होता, नवी टोपी घातली होती, आणि ते पुढच्या सीटवर दोन्ही हात मांडीवर ठेवून मुलगी बघायला निघाल्यासारखे बसले होते.

शहादा मागे पडलं. मग आबा हळूच म्हणाले, "मी काय म्हनसू त्याले?"

"म्हना, चल भाऊ, रोट खावाले."

"इतलंच?"

"इतलंच."

ते थोडा वेळ ओठ हलवत बसले. पाठ करत होते. मग म्हणाले, "आनी त्यानी दार लाई लिधं ते?"

"ते मी उघाडसू," मी म्हटलं, आणि ते हसले. त्या दिवसातलं त्यांचं ते पहिलं हसू.

म्हसावद ओलांडता ओलांडता घोड्याने पेंड खाल्ली. दोन्हीकडे पपईचे मळे, रस्ता ओला, आणि समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरला वाट द्यायला मी गाडी डावीकडे घेतली. चाक खड्ड्याच्या धारेवर आदळलं आणि फट्दिशी आवाज झाला. उतरून बघते तर पुढचं डावं टायर बसलेलं, आणि बाजूला बोटभर चीर. साधं पंक्चर असतं तर चाक न काढता बाहेरूनच दोरी भरून काम भागलं असतं. चीर बाजूला असली की टायर गेलं, स्टेपनी लावण्याशिवाय इलाज नाही. नशीब इतकंच की पंक्चरचं दुकान हाकेच्या अंतरावर होतं. तिथपर्यंत गाडी कशीबशी रेटत नेली.

डिकी उघडली. जॅक होता, पाना होता, स्टेपनीत हवाही होती. चावीची छोटी कापडी पिशवी होती. पिशवीत चावी नव्हती.

"आबा, ती पाकळ्यावाली चावी कोठे शे?"

आबा पपईकडे बघू लागले. मी विचारल्यावर आबा पिकाकडे बघायला लागले की समजावं, काहीतरी झालेलं आहे.

"आबा."

"बोरमा," ते म्हणाले.

"काय बोरमा?"

"बोरमा पडी गयी."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. उन्हाळ्यात बोअरचं पाणी कुठवर उतरलं ते बघायला आबा सुतळीला वजन बांधून आत सोडतात. दगड बांधला तर निसटतो, साधा नट बांधला तर हलका पडतो. डिकीत त्यांना ही चावी सापडली. लहान, जड, मधे बारीक मान, सुतळी बांधायला मुद्दाम घडवल्यासारखी. त्यांनी ती बांधली, सोडली, आणि सुतळीची गाठ पाण्याने भिजून सैल झाली.

"पानी कितलं खाल शे ते तरी समजनं ना?" मी दात आवळून विचारलं.

"नही ना. सुतळी वर वनी, चावी नही वनी."

"आनी माले सांगं काबरं नही?"

"तुले राग येवाव व्हता."

"आते नही वना का?"

सासूबाई म्हणतात माझ्या नाकावर राग असतो. त्या दिवशी तो नाकावर मावेना. सुरतेच्या हौशी माणसाने चोरांपासून वाचवलेलं चाक आता माझ्यापासूनही वाचलं होतं. मी म्हटलं, गाडी इथेच राहू द्या, भाड्याच्या जीपने वर जाऊ. आबांनी मान हलवली. मोठ्याबाबांचा गुडघा गेलेला आहे, जीपमध्ये दहा माणसांत पाय दुमडून त्यांना बसवत नाही, हे आबांना कुणाकुणाकडून माहीत होतं. बोलत नसले तरी खबर सगळी ठेवत होते. "भाऊले घेवाले जावानं आनी जीपमा कोंबी आनानं? गाडीमाच आनसू," ते म्हणाले. त्यावर बोलण्यात अर्थ नव्हता. मी गाडीच्या आडोशाला जाऊन मोठ्याबाबांना गुपचूप फोन लावून पाहिला. लागला नाही. डोंगरात रेंज तिच्या मर्जीने येते आणि जाते.

दुकानदार गळ्यात पंचा टाकलेला, पोट पुढे आणि आत्मविश्वास त्याच्याही पुढे असा गृहस्थ होता. नटाकडे एक नजर टाकून म्हणाला, "ताई, आसा कैक उघाडेल शेतस. च्या पी ल्या तवलोंग." त्याने छन्नी घेतली, नटाच्या कडेवर तिरकी धरली आणि हातोडा मारला. छन्नी सटकली. पुन्हा मारला. नटावर चांदीसारखा ओरखडा उठला, नट जागचा हलला नाही. तिसऱ्यांदा छन्नी उडून गटारात गेली आणि ती शोधण्यात बराच वेळ गेला.

आमच्या भागात चाकाशी दोन माणसं वाकली की दहा होतात. एकजण म्हणाला, वर दुसरा नट वेल्डिंगने चिकटवा आणि तो फिरवा. दुसरा म्हणाला, वेल्डिंगच्या आचेने टायर पेट घेईल. तिसऱ्याने सुचवलं की सुरतेच्या मालकाला फोन करून दुसरी चावी मागवा, जणू तो समोरच्या टपरीवर बसला होता. एका म्हाताऱ्याने तर आबांना पपईचा भावच विचारला आणि आबा उत्साहाने सांगूही लागले. मी कमरेला पदर खोचून चाकाशी उकिडवी बसले होते आणि मनात घड्याळ बघत होते.

शेवटी दुकानदाराने शहाणपणाची गोष्ट केली. त्याने डब्यातून एक जुनी गोटी काढली. गोटी म्हणजे पान्याच्या टोकाला लागते ती पोलादी टोपी. ही नटापेक्षा थोडी लहान होती, आतून दातेरी होती. ती नटाच्या डोक्यावर ठेवून घणाने ठोकायची. दाते नटात रुततात, गोटी नटावर घट्ट बसते, आणि मग नटाला पाकळ्या असोत की काटे, तो गोटीबरोबर फिरतो.

"कोन धरी?" त्याने विचारलं. गर्दी एक पाऊल मागे सरकली. मग गोटी मी धरली. घण डोक्यावरून खाली येताना मी डोळे मिटत होते आणि गोटी सोडत नव्हते. हात बधिर झाले, बोटं काळी झाली, पण गोटी बसली. त्याने तिच्यावर दांडा लावला, दांड्यात लांब लोखंडी पाइप सरकवला म्हणजे जोर जास्त लागेल, आणि नेमका तेव्हाच एक ट्रॅक्टर ट्रॉलीचं बसलेलं चाक ओढत दारात येऊन उभा राहिला. कांदा भरलेली ट्रॉली होती. "आत्ते येस," म्हणून दुकानदार तिकडे गेला.

आबांनी बाह्या सरसावल्या.

मला बरं वाटलं. चावी बोअरमध्ये घालवणाऱ्या माणसाने निदान पाइपवर तरी जोर लावावा. पण त्यांनी पाइप धरला आणि वरून खाली न रेटता खालून वर उचलायला लागले.

"आबा, उलटं! तसं ते घट्ट होस."

"हाई डावं चाक शे," आबा म्हणाले. "डावा चाकना नट उलटा फिरस."

"जगमा कोठे?"

"तू गाडी चालाड. नट माले माहीत शेतस."

दुकानदाराने ट्रॉलीखालून ओरडून सांगितलं, "बाबा, उलटं शे ते!" पण आबांना त्या कानाने ऐकू आलं नाही, किंवा आलं तरी त्यांनी ते मानलं नाही. ते नट आवळत राहिले. मी चार वेळा सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मला भीती वाटली की भर रस्त्यात सासऱ्यांवर ओरडेन आणि कानबाईच्या दिवशी नसतं काहीतरी तोंडातून जाईल. मी उठून समोरच्या टपरीवर गेले आणि दोन चहा सांगितले.

चहा होईपर्यंत घाटाकडून एक जीप आली आणि पंक्चरच्या दुकानाशी हवा भरायला थांबली. टपावर पोती, आत माणसांवर माणसं. ड्रायव्हरच्या शेजारून, दोघांच्या मधून, एक म्हातारा आधी एक पाय, मग हात, मग दुसरा पाय असा स्वतःला सोडवत खाली उतरला. त्याने सदरा झटकला, गुडघा चोळला, आणि गर्दी दिसली म्हणून तिकडे लंगडत निघाला. कुणाचं तरी चाक अडलंय म्हटल्यावर आमच्याकडचा माणूस जीपशेजारी नुसता उभा राहत नाही.

तो अर्ध्या रस्त्यात गेल्यावर मी त्याला ओळखलं. मोठेबाबा होते.

माझ्या दोन्ही हातांत चहाचे ग्लास. हाक मारावी की नाही कळेना. आबांची त्यांच्याकडे पाठ होती, ते पाइपवर वाकलेले. मोठेबाबा गर्दीत शिरले, वरून दोन क्षण बघितलं आणि वैतागून म्हणाले,

"ओ बाबा, उलटं फिरावी ऱ्हायनात तुम्ही. घट्ट होई ऱ्हायनं ते."

आबांनी मान वर न करता उत्तर दिलं, "डावा चाकना नट उलटाच ऱ्हास. मन्हा भाऊनी शिकाडेल शे."

मोठ्याबाबांनी वाकून टोपीखालचा चेहरा बघितला. आबांनी आणखी एकदा पाइप उचलला. मग त्यांना आवाज उशिरा ओळखू आला असावा, कारण ते तसेच वाकलेले थांबले, आणि हळूहळू मागे वळले.

मला वाटलं, आता काय होतं कोण जाणे. 

"ती जीप व्हती, येड्या," मोठेबाबा म्हणाले. "आपली जीप. तिना डावा नट उलटा व्हतात. हाई कार शे."

"मंग तसं सांगानं व्हतं," आबा म्हणाले.

"तवय कार व्हती का आपलाकडे?"

"तू सांगं, डावं चाक उलटं. जीपनं डावं का कारनं डावं, आसं नही सांगं."

"आनी तू तेच धरी बठना इतला वरीस!"

गर्दीला वाटलं दोन अनोळखी म्हातारे जुंपले. एकजण मधे पडायला गेला, त्याला दोघांनीही एकदमच हटकलं. त्या भांडणात इतकी मजा होती की ते संपू नये असं मला वाटलं. घरची जुनी जीप, तिच्या डाव्या चाकाचे उलटे नट, ते कुणी कधी कुणाच्या बोटावर पाडले, सगळं रस्त्यावर निघालं. नारळाचा विषय कुणी काढला नाही. रोटाचाही नाही.

मग मोठ्याबाबांनी पाइपचं टोक धरलं. आबांनी त्यांच्या हाताशेजारी हात ठेवले. आबांनी आधी जीव खाऊन आवळून ठेवलेला नट, तो काय सहज सुटणार? दोघांनी दम घेतला, मोठेबाबा म्हणाले "हां," आणि दोघं मिळून खाली रेटू लागले. पाइप वाकला. आबांची टोपी पडली. तिसऱ्या जोराला वाळलेली फांदी मोडावी तसा कट्ट आवाज झाला, पाइप सुटला, आणि दोघे भाऊ एकमेकांशेजारी चिखलात बसले. परीटघडीचा सदरा कामातून गेला.

सगळे हसले. आबा हसले. मोठेबाबा गुडघा धरून हसत होते, त्यांना उठता येईना. आबा आधी उठले आणि काही न बोलता त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उभं केलं. तेव्हा मला एकदम आठवलं की थोरल्या सासऱ्यांसमोर माझा पदर कमरेला खोचलेला आहे. ग्लास टपरीवर ठेवून घाईघाईत डोक्यावरून पदर घेतला आणि जरीच्या काठावर काळी पाच बोटं उमटली. ती अजून गेलेली नाहीत.

ट्रॉलीखालून दुकानदार आला, गोटीत अडकलेला नट बघून म्हणाला, "सांगं व्हतं ना ताई, आसा कैक उघाडेल शेतस." त्याच्याशी वाद घालायला माझ्यात त्राण नव्हतं. त्याने बाकीचे तीन नट काढले, स्टेपनी चढवली, कुलपाच्या जागी साधा नट बसवला. उरलेल्या तीन चाकांची कुलपं मी पुढच्या आठवड्यात नंदुरबारला याच रीतीने काढून टाकली. आता आमच्या गाडीची चाकं ज्याला हवी त्याने न्यावीत.

चहा थंड झाला होता, तो दोघांनी तसाच प्याला. जीपचा ड्रायव्हर हॉर्न वाजवून मोठ्याबाबांना बोलवत होता. आबांनी जाऊन त्यांची पिशवी जीपमधून काढली आणि आमच्या गाडीत ठेवली. बोलावणं, मानपान, दारात उभं राहणं, पाठ केलेलं वाक्य, काही झालं नाही. मोठ्याबाबांना पाय लांब करता यावा म्हणून आबांनी त्यांना पुढे बसवलं, आणि आपण मागे बसले.

शहाद्यापर्यंत बोलणं नटांचंच चाललं. प्रकाशा गावच्या पुलावर तापी दुथडी भरून वाहताना दिसली तेव्हा दोघांनीही हात जोडले. पूल संपला आणि मला राहवेना. मघापासून हे कुणीच विचारलं नव्हतं.

"मोठेबाबा, तुम्ही जीपमा कोठे जाई ऱ्हायंतात?"

"कोठे म्हन्जे? घर. कानबाई नही का आज?"

"पन तुम्हीच निरोप धाडेल व्हता. आबा दारमा येतीन तवयच येसू."

मोठेबाबा काचेतून बाहेर बघत राहिले.  मला वाटलं, विचारून चूक केली.

"सकाय उठनू," ते म्हणाले. "दारमा बठनू. म्हंतं, तो काही येवाव नही. मंग निंघनू."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याहून जास्त राग आला. एवढ्या कानबाया गेल्या. दरवर्षी हा माणूस दारात बसून असेल, आणि दरवर्षी दुसरा माणूस गव्हाच्या पोत्याशी जाऊन परत येत असेल. मी आरशात पाहिलं. आबांनी टोपी काढून तोंडावर धरली होती.

"थोडा थांबतास ते," टोपीच्या आडून त्यांचा आवाज आला, "मी येतच व्हतू ना, भाऊ. म्हसावदलोंग वनू व्हतू."

"आखो कितलं थांबू रे?" मोठेबाबा म्हणाले.

 आबांनी मागून हात पुढे करून मोठ्याबाबांच्या खांद्यावर ठेवला आणि रनाळे येईपर्यंत तो काढला नाही.